उष्णतारोधक ब्लॉक: जोत्यावर उत्तम, जोत्याखाली नकोत

नवी मुंबईतील उलवे येथे साडेबारा टक्के योजनेतील (संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोने दिलेल्या) भूखंडावर आमचे घर बांधायला घेतले, तेव्हा ब्लॉकच्या विक्रेत्याने पायापासूनच एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, म्हणजे आत बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचे) ब्लॉक लावण्याचा आग्रह धरला. परदेशात घरांचे पायेसुद्धा उष्णतारोधक ब्लॉकचे असतात, असे त्याचे म्हणणे होते. ते खोटे नाही. पण कॅनडासारख्या देशात हिवाळ्यात जमीन गोठते आणि तळघरातली ऊब मातीत निघून जाते, म्हणून तिथे पायाला असे संरक्षण द्यावे लागते. खाडीकाठच्या भरावावर वसलेल्या आपल्या भागात जमिनीतून घरात शिरते ती ओल, आणि तिच्याबरोबर क्षार. त्यामुळे पायासाठी ब्लॉक निवडताना तो उष्णता किती अडवतो यापेक्षा पाणी किती पितो, हे आधी पाहावे लागते.

या कसोटीवर एएसी ब्लॉक कमी पडतो. सिमेंट, चुना, फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) आणि जिप्सम यांच्या मिश्रणात थोडी अ‍ॅल्युमिनियमची पावडर घातली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटून ते फुगते. मग ते कापून दाबाखालच्या वाफेत पक्के करतात. या बुडबुड्यांमुळेच तो हलका असतो आणि उष्णता अडवतो. ब्लॉकचा एक तुकडा घमेल्यातल्या बोटभर पाण्यात उभा करून ठेवला, तर ओलीची गडद रेघ पाण्याच्या पातळीच्या बरीच वर चढलेली डोळ्यांना दिसते. म्हणून जोत्याखाली आम्ही भरीव काँक्रीट ब्लॉक वापरले. आयएस 2185 या काँक्रीट ब्लॉकच्या भारतीय मानकाच्या पहिल्या भागानुसार त्यांची घनता घनमीटरला किमान 1800 किलो असावी लागते आणि जलशोषण वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक चालत नाही. पोकळ ब्लॉकही सुचवले गेले होते. परंतु त्यांच्या पोकळ्या काँक्रीटने भरून घेतल्या नाहीत तर त्यांत पाणी साचते, आणि भरून घ्यायच्या तर भरीव ब्लॉकच सोयीचे. वर प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) आणि ओलावारोधक थर झाल्यावरच एएसीचे काम सुरू केले.

गंमत अशी, की एएसी पायात न जाताही पायाच्या उपयोगी पडतो. एक मीटर लांब, तीन मीटर उंच आणि 150 मिलिमीटर जाडीची भिंत घेतली, तर या ब्लॉकचे कोरडे वजन पावणेतीनशे किलोंच्या आसपास भरते. तेवढ्याच विटांच्या बांधकामाचे साडेआठशेच्या घरात जाते. खालच्या मऊ चिखलमातीचा विचार करता हा फरक मोठा आहे. मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला तो आराखड्याआधी सांगायला हवा. पाया भरून झाल्यावर सांगितले, तर वजन कमी झाले तरी लोखंडाचा खर्च व्हायचा तो होऊन गेलेला असतो.

उष्णतेच्या बाबतीत पश्चिमेकडील भिंतीला फायदा स्पष्ट जाणवतो. वरच्या मजल्यावर गच्चीतून येणारा ताप मात्र भिंतीच्या ब्लॉकने हटत नाही. त्यासाठी स्लॅबवर वेगळा उपाय करावा लागतो, आणि हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

तक्रारी दोन. पहिली मालाची: पावसाळ्यात डेपोत उघड्यावर ठेवलेले ब्लॉक आले, ते ओले होते आणि अनेकांच्या कडा उडालेल्या होत्या. ओले ब्लॉक भिंतीत वाळताना आकसतात आणि गिलाव्याला तडे जातात, म्हणून ती गाडी आम्ही उतरवूनच घेतली नाही. दुसरी तक्रार कारागिरीची. विटा भिजवायची सवय असलेला गवंडी ब्लॉकही टाकीत बुडवू लागतो. इथे पृष्ठभागावर पाण्याचा हलका हबका पुरतो. सांध्यात वाळू-सिमेंटचा जाड थर न देता ब्लॉकसाठीचे तयार मॉर्टर तीनेक मिलिमीटर जाडीने लावावे आणि कॉलमला भिंत मिळते तिथे गिलाव्याआधी जाळी मारून घ्यावी. वायरिंगच्या झिऱ्या छिन्नी-हातोड्याने न ठोकता कटरने काढाव्यात. गिझर टांगायची जागा मात्र आधीच ठरवून तिथे भरीव ब्लॉक बसवणे बरे, कारण एएसीमध्ये साधी खुंटी धरत नाही.

खरेदी करताना आयएस 2185 च्या तिसऱ्या भागानुसार केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा. सीएलसी (सेल्युलर लाइटवेट काँक्रीट) हा वेगळा ब्लॉक, वाफेच्या दाबाखाली पक्का न केलेला, चौथ्या भागात मोडणारा. दिसायला जवळचा असल्याने तोही कधी एएसी म्हणून पुढे केला जातो. हलके प्रकार दोन्हींतले पाण्यावर तरंगतात, त्यामुळे बादलीत टाकून पाहण्याची परीक्षा इथे उपयोगाची नाही. माल एकदम न मागवता मजल्यागणिक मागवावा आणि उतरवल्यावर फळ्यांवर रचून ताडपत्रीने झाकावा.