पोकरमध्ये फ्लॉपनंतर (टेबलावर सगळ्यांची सामायिक पहिली तीन पानं उघडल्यावर) बेट (चिप्स लावणं) की चेक (काही न लावता पुढे जाणं)?
कोथरूडात मित्रांकडे नुसत्या चिप्सवर खेळताना सगळ्यात जास्त वाद ह्यावरच होतो. समजा बटणावरून (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळणाऱ्या जागेवरून) तुम्ही रेझ केलं म्हणजे बेट वाढवली, बिग ब्लाइंडने (पानं बघायच्या आधीच सक्तीची मोठी बेट टाकणाऱ्याने) कॉल केला म्हणजे तेवढेच टाकले आणि फ्लॉप आला राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगाची, तर सरळ छोटी बेट मारा, कारण भारी पानं तुमच्याकडेच जास्त असणार आणि ३०० च्या पॉटमध्ये (मधे जमलेल्या चिप्समध्ये) १०० टाकले तर समोरच्याने ४ पैकी १ वेळा जरी पानं फेकून डाव सोडला तरी ब्लफ वसूल. पण नव्वी-अठ्ठी-सत्ती, त्यात दोन बदाम? इथे एक्का-राजा घेऊन मी तरी चेकच करेन, असा फ्लॉप कॉल करणाऱ्याला जास्त लागतो, बेट मारली आणि चेक-रेझ आला (समोरच्याने आधी चेक करून मग बेट वाढवली) की पानं फेकावी लागतात, चेकने टर्न (चौथं पान) फुकट दिसतो. सेट (हातातल्या जोडीचं तिसरं पान टेबलावर) लागला असेल तर मात्र बेटच, फ्लश ड्रॉवाल्याला (एका रंगाची चार पानं असून पाचव्याची वाट बघणाऱ्याला) फुकट पान देऊ नका, रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या पानापर्यंत) त्याचं साधारण ३५ टक्के वेळा लागतं.