अल्फा की बिग बर्था? गोव्यात बसून जुन्या रॉकेटची नक्कल करायची तर

अल्फा आणि बिग बर्था ही छंद म्हणून घरी जोडून उडवायची छोटी मॉडेल रॉकेटं. दोन्ही एस्टेस या अमेरिकन कंपनीची, दोन्ही साठच्या दशकातली. अल्फा साधारण 31 सेंटिमीटर लांब, जेमतेम 25 मिलिमीटर जाड, तीन पंखांचं. बिग बर्था 61 सेंटिमीटर, जाडी 41.6 मिलिमीटर, मागे चार रुंद पंख. जुने आराखडे पाहून नक्कल करायची म्हटलं की बहुतेकांचा हात आधी अल्फाकडे जातो, कारण लहान ते सोपं असं वाटतं. माझाही गेला होता.

खरी अडचण नळीची. मूळ नळी परदेशातून मागवायची नसेल तर तपकिरी कागद खळीने गुंडाळून घरीच करावी लागते, आणि त्यासाठी आत बरोबर मापाचा दांडा हवा. बर्थाच्या नळीचा आतला व्यास 40.5 मिलिमीटर. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा 40 चा पीव्हीसी पाइप बाहेरून 40 मिलिमीटरच असतो. त्यावर वर्तमानपत्राचे एकदोन वेढे, वर प्लास्टिकचा कागद, की दांडा तयार. मग तपकिरी कागदाचे चारेक वेढे दिले की भिंत अर्ध्या मिलिमीटरची होते. दिवाळीत वाड्यावर नरकासुराच्या पुतळ्याला कागद चिकटवलेल्या माणसाला हे शिकवायला नको.

अल्फाला आतून 24.1 मिलिमीटर लागतात. 25 चा पाइप घेतला तर नळी जवळजवळ मिलिमीटरभर फुगते. 20 च्या पाइपवर वर्तमानपत्र चढवत मी 24 पर्यंत गेलो, तर नळी गोल न होता लंबगोल झाली. दोन नळ्या कचऱ्यात गेल्या, तिसरी फुगीर आहे ती ठेवून घेतली. लांबून कळत नाही, पण मग नाकापासून आतल्या कड्यांपर्यंत सगळी मापं पुन्हा काढावी लागली. नक्कल म्हणायची तर हे मनाला लागतं.

नाकाच्या शंकूवर मात्र पारडं फिरतं. मूळ शंकू बाल्साचा, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचा. इथे चिताऱ्याकडून, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिराकडून, तो कातून घेता येतो, पण हाताशी लाकूड असतं ते आंब्याचं, आणि आंबा बाल्साच्या चौपट जड. अल्फाच्या शंकूत त्याने आठनऊ ग्रॅमच वाढतात आणि पुढचं वजन वाढल्याने रॉकेट उलट स्थिर होतं. बर्थाचा शंकू भरीव आंब्याचा केलात तर ढोबळ हिशेबाने तो एकटाच सत्तर ग्रॅमपर्यंत जाईल, म्हणजे मूळच्या अख्ख्या रॉकेटाएवढा. पांगाऱ्याचं हलकं लाकूड मिळालं तर उत्तम. नाहीतर मातीच्या साच्यावर कागदाचा लगदा थापून पोकळ शंकू करा. दोन आठवडे जातात, पण वजन आटोक्यात राहतं.

पंखांत दोघांचं दुखणं एकच. लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात, नाहीतर पंख पहिल्याच धक्क्याला मोडतो. पंखांचा आराखडा छापताना दुकानदाराला ‘पानात बसव’ म्हणू देऊ नका. मूळ पान अमेरिकन मापाचं, आपला कागद ए-फोर, त्यामुळे चित्र गुपचूप आकसतं. पानावरची इंचाची खूण पट्टीने मोजा, मगच कापा.

लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सँडिंग सीलरचे दोन-तीन हात मे महिना संपायच्या आत मारून घ्या. मी आळस केला. जुलैत अल्फाचं नाक फुगून नळीत असं रुतलं की ओढताना नळीची कडाच उसवली.

आता उडवण्याचं. दोन्हींना 18 मिलिमीटर जाड, 70 मिलिमीटर लांब काळ्या दारूचं इंजिन लागतं. ते स्फोटकांत मोडतं. टपालाने येत नाही, विमानाच्या सामानातही चालत नाही. शिवाय दाबोळीला नौदलाचा तळ, मोपाला नवा विमानतळ. आकाश मोकळं दिसतं तेवढं ते नाही. फटाक्यातली दारू काढून नळीत ठासायचा विचार करणाऱ्याने हा छंदच सोडावा. उडवायचंच असतं तर कंपनीच्या आकड्यांप्रमाणे अल्फा हजार फुटांपर्यंत जातं आणि दिसेनासं होतं; बर्था पाचशेच्या आसपास, पण सावकाश उठते आणि डोळ्यांसमोर राहते.

म्हणजे बहुतेकांसाठी हे शोभेचंच काम. तरी तोल तपासा. इंजिनाच्या वजनाचं काही आत ठेवा, रॉकेट जिथे समतोल राहतं तिथे दोरी बांधा आणि अंगणात डोक्यावरून गरगरा फिरवा. नाक पुढे धरून फिरलं तर जमलं. बर्था पहिल्या फेरीतच सरळ झाली.

पहिल्यांदाच करत असाल तर बर्था घ्या. टेबलावर ठेवायला काहीतरी लहान हवं असेल आणि मिलिमीटरभर फुगवटा चालत असेल तरच अल्फा. फक्त बर्थासाठी दोन फूट उंचीची कोरडी जागा आधी हेरून ठेवा. आमच्या घरी ती फ्रीजच्या माथ्यावरच निघाली.