केळकर संग्रहालय की औंध?

मामा-मामी दोघंही यंदा निवृत्त झाले. पुण्यातून एका दिवसात काय बघावं, यावर घरात दोन तट पडलेत: शहरातलं केळकर संग्रहालय की सातारा जिल्ह्यातलं औंध गाव.

खर्चात केळकर संग्रहालय सरळ जिंकतं. शुक्रवार पेठेत रिक्षाने जा, तिकीट काढा, दुपारच्या जेवणाला घरी. औंधला गाडी आणि डिझेल आलंच. साताऱ्याच्या पुढेही सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे पहाटे निघायला हवं.

गुडघ्यांचं म्हणाल तर केळकरमध्ये मजले चढावे लागतात, औंधला गाडीत बसून पाठ धरते. दोन्हीकडे थोडं सोसायचंच.

बघायला काय? केळकरांनी जमवलेले अडकित्ते, दिवे, दौती बघताना मामी प्रत्येक कपाटापुढे ‘आमच्या आजीकडे होतं हे’ म्हणणार. औंधला मात्र तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, आणि चक्क इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडी मायलेकरू. एवढ्याशा गावात! शिवाय यमाईचं दर्शन आणि शांत टेकडी. माझं मन तिकडेच ओढतं.

दोन तासांची, पुन्हा पुन्हा जाता येईल अशी जागा हवी तर केळकर. चित्रांची आवड असेल आणि दिवसभर फिरायची ताकद असेल तर औंध; पण सोमवार टाळा, नाहीतर फक्त कुलूप बघाल.