जुनी डिझायर डिझेल, रनिंग दोन लाखाच्या आसपास: घ्यायची का आणि घेताना काय बघायचं

२०१२ ते २०१७ च्या मधली स्विफ्ट डिझायर डिझेल, रनिंग दीड ते दोन लाख, घेऊ का नको असं हल्ली बरेच जण विचारतात. मी स्वतः अशीच एक व्हीडीआय (डिझेलमधलं मधलं मॉडेल) वापरतोय, घेतली तेव्हाच तिचं रनिंग पावणेदोन लाख किलोमीटर होतं, त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे, घ्या. फक्त मीटरचा आकडा बघून घेऊ नका आणि आकडा बघून सोडूही नका. या गाडीत रनिंगपेक्षा ते रनिंग कसं झालंय आणि ऑइल वेळेवर बदललंय का याला जास्त किंमत आहे, आणि ते कळतं गार इंजिन सुरू करताना.

आधी इंजिनाबद्दल थोडं. हे फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी, मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं. स्विफ्टमध्ये २००७ ला आलं, डिझायरमध्ये २००८ ला, आणि तेव्हा टाटाची व्हिस्टा घ्या, मांझा घ्या, फियाटची पुंटो, लिनिया घ्या, शेवरोलेची सेल घ्या, बॉनेटखाली हेच इंजिन. टाटा-फियाटवाल्यांसाठी तर ते आपल्या रांजणगावातच बनायचं. याचा फायदा आज असा की महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावाला या इंजिनावर हात बसलेला मेस्त्री सापडतो आणि पार्टही मिळतात. एप्रिल २०२० ला बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) आलं तेव्हा मारुतीने डिझेल बंदच केलं, म्हणजे ही गाडी आता जुनीच मिळणार. ताकद ७४ बीएचपी, टॉर्क १९० एनएम, कागदावर फार वाटत नाही पण दोन हजार आरपीएमच्या वर टर्बो लागला की पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन खंबाटकी आरामात चढते.

आता रनिंगचं बघू. रोज पुणे-कोल्हापूर हायवेला पळून दोन लाख झालेली गाडी आणि शहरात सिग्नलला हाफ क्लचवर रडत रडत ऐंशी हजार झालेली गाडी यात मी डोळे झाकून पहिली घेईन. हायवेला इंजिन एका तापमानात, एका लयीत चालतं, क्लच-गिअर कमी वापरले जातात, ईजीआरमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीही कमी धरते. पण गिऱ्हाइकाला आकडा छोटा लागतो म्हणून एजंट मीटर मागे करतात, हे सर्रास चालतं. दहा-बारा वर्षांची डिझेल गाडी आणि रनिंग साठ हजार म्हणत असतील तर आधी स्वतःला विचारा, एवढं कमी चालवायचं होतं तर माणसाने जास्तीचे पैसे भरून डिझेल कशाला घेतली असती? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री मागा, प्रत्येक सर्व्हिसला रनिंगची नोंद असते, मधेच आकडा खाली आलेला दिसला की विषय संपला. हिस्ट्री नसेल तर ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर बघा, स्टिअरिंग तुळतुळीत झालंय का बघा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीय का बघा. पन्नास हजाराला पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही, आणि जुन्या गाडीला पेडलचं रबर कोरं करकरीत असेल तर ते का बदललं हेही विचारा.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. काचांवरही वर्षाची खूण असते, सगळ्या एका वर्षाच्या आणि एखादी वेगळी असेल तर ती काच का फुटली होती ते विचारा.

आता मुख्य गोष्ट, गार स्टार्ट. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. ओळखीतल्या एकांसाठी साताऱ्याला २०१४ ची डिझायर बघायला गेलो होतो, सोबत आमचे मेस्त्री. गाडी दिसायला एकदम चकाचक. मेस्त्रींनी काही न बोलता बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या वरच्या होसवर हात ठेवला आणि विचारलं, "काका, गाडी सकाळी चालू केलीवती का?" काका म्हणाले, "हो, पोराने धुवायला बाहेर काढली होती ना." मेस्त्री म्हणाले, "मग आम्ही संध्याकाळी येतो, गार होऊ द्या." आणि खरंच संध्याकाळी परत गेलो. सेल्फ मारला, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, पण सुरुवातीचे दोन-तीन सेकंद टायमिंग चेनच्या बाजूने साखळी पत्र्यावर घासल्यासारखा खरखर आवाज आला आणि मग गेला. गरम गाडीत तो आलाच नसता.

हा आवाज समजून घ्या कारण या इंजिनाचा जीव त्यातच आहे. याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइल वेळेवर बदललं तर चेन खूप वर्षं चालते, पण कोणी दहा हजाराचं ऑइल वीस-पंचवीस हजारावर नेलं की ते जाड होतं, त्यात काजळी साठते, टेन्शनर ढिला पडतो आणि चेन ताणली जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं, सकाळी प्रेशर यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात ढिली चेन वाजते. दुर्लक्ष केलं आणि चेन उडी मारली किंवा तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावं लागतं, तो खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने परवडत नाही. साताऱ्याची ती गाडी आम्ही सोडली नाही, बाकी सगळं छान होतं, चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट असा पूर्ण किट बदलायचा खर्च किमतीतून कमी करून घेतला, आणि काकाही समजूतदार, स्वतः आवाज ऐकल्यावर फार ताणलं नाही त्यांनी.

इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवून बघा. थोडी हवा येणारच, पण झाकण थाडथाड उडायला लागलं आणि फकफक धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, पिस्टनच्या रिंगा-बोर गेलेत, अशी गाडी फुकट मिळाली तरी नको. डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं. लेव्हल मात्र नीट बघा, खुणेच्या खूप खाली असेल तर गाडी ऑइल खातेय किंवा मालक बघतच नाही, दोन्ही वाईट. कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग किंवा झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर हेड पॅकिंगचा संशय घ्या. कूलंटच्या जागी नुसतं पाणी भरलेलं असतं कित्येकदा, गंजासारखं तांबडं, त्यावरूनही मालक कसा होता ते कळतं.

धुराचं थोडक्यात सांगतो. जोरात रेस केल्यावर थोडा काळा धूर जुन्या डिझेलला असतो, सतत काळा असेल तर एअर फिल्टर, ईजीआर, टर्बोचा पाइप कुठे फाटलाय का ते बघायचं, यातलं बरंचसं दुरुस्त होतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचं सील किंवा रिंगा, तिथे मी थांबतो. गार स्टार्टला थोडा पांढरा धूर येऊन गेला तर ठीक, गरम झाल्यावरही येत राहिला तर नोझल नाहीतर हेड.

नोझल म्हणजे इंजेक्टर, दोन लाखाला त्यांची तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. चांगला डिझेलवाला मेस्त्री रिटर्न टेस्ट करतो, चारही नोझलच्या रिटर्न लाइनला चार छोट्या बाटल्या लावायच्या, गाडी थोडा वेळ चालू ठेवायची आणि कुठल्या बाटलीत किती डिझेल आलं ते शेजारी शेजारी धरून बघायचं. चारही साधारण सारख्या तर उत्तम, एखादी भराभर भरली तर तो नोझल गेला. एवढा साधा प्रकार आहे पण लोक स्टीरिओ चालतो का ते बघतात आणि हे बघत नाहीत. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड दाखवणारा स्कॅनरही लावून घ्या, आणि एररच्या यादीसोबत एरर शेवटची कधी पुसली तेही बघायला सांगा, कालच सगळं क्लिअर करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवलंय.

चालवून बघताना गल्लीत एक चक्कर मारून काही कळत नाही, अर्धा तास तरी चालवा, चढ आणि खराब रस्ता दोन्ही लागेल असं बघा. चौथ्या गिअरला चाळीसच्या स्पीडला पूर्ण रेस द्या, आरपीएम वर गेला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लचप्लेट संपलीय. क्लच पेडल जड लागलं तरी क्लचचं काम जवळ आलंय असं धरा, या गाडीत ते हमखास निघतं आणि प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं एकदमच बदलावं लागतं. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी आळशी वाटणार, तो टर्बो लॅग आहे, बिघाड नाही. पण दोन हजारानंतरही ओढ जाणवली नाही किंवा शिट्टीसारखा मोठा आवाज आला तर टर्बो तपासा. खड्ड्यात पुढून टकटक वाजलं तर बहुतेक सस्पेन्शनमधला लिंक रॉड नाहीतर लोअर आर्मचे बुश, ते किरकोळ काम, त्यावरून गाडी नाकारू नका, किमतीत धरा.

बॉडीत डेंटिंग-पेंटिंग कुठे नसतं, दारं-बंपर ठीक आहे, पण बॉनेट उघडून दोन्ही बाजूचे एप्रन (पुढच्या चाकांवरचा आतला पत्रा), पिलर (छत धरणारे खांब) आणि डिकीत स्टेपनीखालचा पत्रा बघा, तिथे वेल्डिंग वेडंवाकडं असेल तर मोठा मार आहे. आणि आपल्याकडे पुराचं विसरू नका. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, किती गाड्या पाण्यात होत्या, त्यातल्या काही धुऊन पुसून बाजारात आल्याच असणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर मातीची रेघ राहिलेली असते, सीटच्या खालची रेल गंजलीय का बघा, मॅट उचलून वास घ्या. कोकणातली, विशेषतः किनाऱ्यालगतची गाडी असेल तर रॅम्पवर चढवून खालचा पत्रा बघितल्याशिवाय बोलणीच करू नका, खारी हवा खालून खाते आणि वरचा रंग चकचकीतच राहतो.

कागदांचं दोनच गोष्टींवर जोर देऊन सांगतो. एक, स्वस्तात मिळतेय म्हणून दिल्लीची गाडी. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा प्रश्न २०१५ च्या एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवाद) आदेशापासून चालू आहे, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्त येतात, पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणायची, इथे पुन्हा टॅक्स भरायचा, नवीन नंबर घ्यायचा, हे सगळं होईपर्यंत स्वस्ताई कुठल्या कुठे जाते. माझं स्पष्ट मत, एमएच पासिंगच घ्या. दुसरं, टॅक्सीची प्रायव्हेट केलेली गाडी. डिझायर टॅक्सीत प्रचंड चालली, त्यामुळे आरसीची हिस्ट्री एमपरिवहनवर आणि आरटीओत तपासा, बॅटरीच्या आसपास स्पीड गव्हर्नरची कापलेली वायरिंग, छतावर कॅरियरच्या खुणा शोधा. बँकेचा बोजा उतरलाय का, ई-चलन किती बाकी आहेत हे टोकन द्यायच्या आधी बघा, टोकन दिल्यावर कोणी फोन उचलत नाही. पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर येतो, म्हणजे २०१२ ची गाडी घेताना तिची मुदत २०२७ ला संपते हे डोक्यात ठेवून भाव करा. इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो.

वापरायला कशी आहे म्हणाल तर मी मनापासून खूश आहे. हायवेला एसी लावून वीस-बावीसचं ॲव्हरेज मिळतं, शहरात पंधरा-सोळा, कंपनीचे आकडे यापेक्षा बरेच मोठे आहेत पण ते रस्त्यावरचे नाहीत. आवाज आहे, सकाळी सकाळी तर शेजाऱ्यांनाही कळतं. मागची सीट तिघांना अडचणीची, डिकी ३१६ लिटरची म्हणजे लग्नाच्या बॅगा भरताना विचार करावा लागतो. एअरबॅग हव्या असतील तर झेडडीआय (सगळ्यात वरचं मॉडेल) शोधा, आणि माझं म्हणणं शोधाच, थोडे दिवस थांबावं लागलं तरी चालेल. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर होत नसतील आणि त्यातलं बरंचसं गावातल्या गावात असेल तर मात्र डिझेलच्या मागे लागू नका, पेट्रोल घ्या, छोट्या छोट्या फेऱ्यांनी डिझेल इंजिन काजळून जातं.

घेतलीत तर ठरलेल्या किमतीवर चाळीस-पन्नास हजार वेगळे ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल सगळं बदला, आधीचा मालक कालच केलंय म्हणाला तरी बदला, फॅन बेल्ट आणि होस बघून घ्या, ईजीआर साफ करून घ्या. त्यानंतर ऑइल दहा हजाराला नाही तर साडेसात-आठ हजारालाच बदलत जा, ग्रेड कंपनीने सांगितलेलीच, आणि सुट्टं ऑइल स्वस्त पडतं म्हणून कोणी आग्रह केला तरी सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावा.