शनिवारचा पालक-वर्ग, मिनियापोलिस: नवऱ्याला घेऊन जा

पहिलं सत्र रटाळ, नुसते तक्ते. दुसऱ्यात बाईंनी एड्रियन पीटरसनचं प्रकरण काढलं आणि वर्ग जागा झाला. व्हायकिंग्ज या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हा तेव्हाचा खेळाडू इथे फुटबॉल न कळणाऱ्यांनाही माहीत. २०१४ मध्ये टेक्सासात त्याने चार वर्षांच्या मुलाला शिमटीने मारलं. पाठीवर, पायांवर वळ आणि जखमा. ‘मलाही असंच वाढवलं,’ हे त्याचं म्हणणं. तिथे आईबापांना ‘वाजवी’ माराची मुभा आहे, तरी खटला झालाच: ४,००० डॉलर दंड, ८० तास समाजसेवा, शिवाय पालकत्वाचे वर्ग. उरलेल्या हंगामात लीगने बिनपगारी बाहेर बसवलं ते वेगळंच.

आमचे हे निर्गुडीचा फोक खाऊन वाढलेले, लगेच त्याची बाजू घ्यायला लागले. बाईंनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, ‘त्या माराने काय शिकलात?’ हे म्हणाले, ‘खोटं बोलायला.’ (मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी हे कळतंय!)

राग आल्यावर आधी खोलीबाहेर जायचं, हे बाईंनी जोडीजोडीने करून घेतलं; ते खरंच उपयोगी पडतं. मुलांना सांभाळायची सोय नाही, पार्किंग भिकार, कॉफी पाणचट. पाचपैकी चार.