आई-बाबांसाठी वेगवेगळे स्पेशालिस्ट बरे की एकच जेरियाट्रिशियन?

सत्तरीच्या पुढं बीपी, शुगर, गुडघे, प्रोस्टेट असं सगळं एकदम असलं की प्रत्येकासाठी वेगळ्या डॉक्टरकडे पळायचं का म्हातारपणाचाच डॉक्टर म्हणजे जेरियाट्रिशियन गाठायचा, हे ठरवावंच लागतं.

छातीत दुखलं, हाड मोडलं, मोतीबिंदू काढायचाय तर त्या त्या स्पेशालिस्टला पर्यायच नाही. पण सगळ्या गोळ्या एकत्र कोण बघतं? समजा बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू झाली, तिनं काहींचे पाय सुजतात, दुसऱ्या डॉक्टरनी सूज बघून लघवी जास्त होण्याची गोळी दिली, आता रात्री सारखं उठावं लागतंय, त्यात प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, तिनं उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं, आणि बाबा बाथरूमच्या दारात पडतात. तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात हो, पण खुबा मोडायचा तो मोडतोच.

जेरियाट्रिशियनची पहिली व्हिजिट लांबलचक असते. गोळ्यांची अख्खी पिशवी आणायला सांगतात, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून आणलेली पेनकिलरसुद्धा. बीपी झोपवून आणि मग उभं करून बघतात, 3 मिनिटांत वरचं 20 नं उतरलं तर पडायचा धोका. खुर्चीतून उठून 3 मीटर चालून परत येऊन बसायला लावतात. विसरणं, झोप, वजन, लघवीवर ताबा, सगळं विचारतात. अडचण एकच, असे डॉक्टर मोठ्या शहरांतच मिळतात. बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांची ओपीडी आहे का विचारा, 2010-11 पासून त्यासाठी केंद्राचा कार्यक्रम आहे.

ई-संजीवनी (सरकारची ऑनलाइन डॉक्टर सेवा) किंवा व्हिडिओ कॉल रिपोर्ट दाखवायला ठीक, पण चाल कशी डळमळते ते स्क्रीनवर नीट कळत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना मात्र होम व्हिजिटच, सोबत फिजिओ.

पैशाचं पण बघा. 70 आणि त्यावरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर (केंद्राच्या आरोग्य योजनेचं कार्ड) वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात पण ॲडमिट झाल्यावर, ओपीडी आणि होम व्हिजिट खिशातूनच.

माझं मत स्पष्ट आहे. एखादाच आजार आणि तो कंट्रोलमध्ये असेल तर फॅमिली डॉक्टर पुरे. रोजच्या गोळ्या 5 किंवा जास्त असतील, वर्षभरात एकदा जरी पडले असतील, किंवा विसरायला लागले असतील तर लांब पडलं तरी जेरियाट्रिशियनला एकदा दाखवाच, आणि त्यांनी लिहून दिलेला कागद फॅमिली डॉक्टरकडे ठेवा म्हणजे पुढचं ते बघतील. तोवर कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पुढच्या व्हिजिटला सरळ विचारा, यातली कुठली कमी करता येईल.