एसएनसीयूतल्या सिस्टर्सना शिकवण्यासाठी ग्लोबल हेल्थ मीडियाचे नवजात काळजीचे व्हिडिओ

ग्लोबल हेल्थ मीडिया प्रोजेक्ट ही अमेरिकेतल्या व्हरमाँटमधली ना-नफा संस्था. तिची नवजात बाळांच्या काळजीची व्हिडिओ मालिका फुकट बघता येते आणि डाउनलोडही करता येते. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष) किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या एनबीएसयूत (नवजात बाळाला स्थिर करण्याचा छोटा कक्ष) नव्या सिस्टरला हाताशी धरून शिकवणाऱ्या मेंटॉरला हे साहित्य फार उपयोगी पडतं. नुसतं दाखवून सोडून दिलं, तर मात्र त्यातलं फारसं हातात उतरत नाही.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे खरे दवाखाने आणि खरी बाळं. कॅमेरा हातांच्या अगदी जवळ असतो आणि कृती सावकाश होते. एका व्हिडिओत एकच विषय असल्यामुळे दोन फीडच्या मधल्या वेळात तो दाखवून त्यावर बोलताही येतं. वॉर्डात नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून व्हिडिओ आधीच टॅबवर उतरवून ठेवावेत. निवेदनाच्या भाषेची अडचण वाटली तर पहिल्यांदा आवाज बंद करून लावावा आणि मेंटॉरने स्वतः मराठीत बोलावं. हे जास्त चांगलं जमतं, कारण आपल्या कक्षात कोणती ट्यूब येते, टेप कुठली वापरतात, हे तिथेच सांगता येतं.

पोटात ट्यूब टाकण्याचा व्हिडिओ सर्वात आधी घ्यावा. चूक मापातच होते. नाकातून टाकायची असेल तर नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत मोजायचं. तोंडातून टाकायची तर सुरुवात तोंडाच्या कोपऱ्यापासून. बऱ्याच जणी त्या हाडाच्या टोकापाशीच थांबतात. मग ट्यूब आखूड पडते, टोक अन्ननलिकेत राहतं आणि दूध वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पडद्यावर हे माप काही सेकंदांत होऊन जातं, म्हणून तिथे व्हिडिओ थांबवून विचारावं, "सिस्टर, आता खूण कुठे कराल?" लगेच बाहुलीवर 5 किंवा 6 नंबरची फीडिंग ट्यूब देऊन प्रत्येकीकडून मोजून घ्यावं.

ट्यूब जागेवर आहे का, हे ठरवण्यासाठी अनेक वॉर्डांत हवा ढकलून स्टेथोस्कोपने आवाज ऐकतात. एवढ्यावर विसंबू नये, कारण ट्यूब चुकीच्या जागी असली तरी आवाज येऊ शकतो. ॲस्पिरेट (सिरिंजने ट्यूबमधून ओढलेला पोटातला द्रव) ओढून बघावं, आम्लता दाखवणारी पीएच पट्टी असेल तर पीएच 5.5 किंवा कमी येतो का पाहावं, आणि टेपजवळचा सेंटिमीटरचा आकडा दर फीडला तपासावा. ॲस्पिरेट हिरवं आलं तर फीड थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे मेंटॉरने वेगळं बजावावं.

फीड देताना सिरिंजचा दट्ट्या काढून दूध आपोआप उतरू द्यायचं असतं. कक्ष भरलेला असला की दट्ट्याने ढकलायची घाई होते. त्याने पोट एकदम ताणतं, बाळ उलटी करतं, कमी दिवसांच्या बाळाचा श्वासही थांबू शकतो. ट्यूब काढताना ती चिमटीत दाबून धरावी, नाहीतर आतलं दूध घशात ठिबकतं.

जन्मतः न रडलेल्या बाळाला बॅग-मास्कने (तोंड-नाकावर मास्क बसवून हाताने पिशवी दाबत) श्वास देण्याचा व्हिडिओ छाती उचलणं म्हणजे काय हे दाखवायला उत्तम. पण मास्कची पकड डोळ्यांनी शिकता येत नाही. त्यासाठी मॅनिकिन (सरावाची बाहुली) हवाच: पूर्ण दिवसांच्या बाळाला 1 नंबरचा मास्क, कमी दिवसांच्याला 0, मिनिटाला 40 ते 60 श्वास, आणि सुरुवात जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटातच. छाती उचलत नसेल तर आधी मास्क नीट बसवायचा, डोक्याची स्थिती सुधारायची, मग तोंड-नाक साफ करून तोंड किंचित उघडायचं, आणि तरीही छाती हलली नाही तर दाब वाढवायचा. हा क्रम तोंडपाठ म्हणून घेण्यापेक्षा करून घ्यावा.

कांगारू काळजीच्या (बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या) बाबतीत व्हिडिओ कधीचा आहे हे जरूर पाहावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशीनुसार ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करायची आणि दिवसाला 8 ते 24 तास द्यायची. "आधी बाळ स्थिर होऊ दे" ही जुनी सवय जुन्या साहित्यामुळे पक्की होते.

आईला स्तनपान, दूध पिळणं, साठवणं समजवायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल (निवेदनासह शिकवणारे व्हिडिओ) मराठीत आहेत, ते जोडीला घ्यावेत. ते बरेचसे चित्रांवर चालतात, त्यामुळे सिस्टरच्या हातांच्या कामाला मात्र ग्लोबल हेल्थ मीडियाच बरं.

टॅब किंवा मोबाइल वॉर्मरजवळ (बाळाला ऊब देणाऱ्या खाटेजवळ) नेऊ नये. ग्लोव्ह्ज घालून स्क्रीनला हात लावला की हात धुण्याची सगळी मेहनत वाया जाते. बाळाजवळ जाण्याआधी व्हिडिओ संपलेला असावा. त्याच आठवड्यात ती कृती सिस्टरने खऱ्या बाळावर करावी, मेंटॉरने चेकलिस्ट घेऊन शेजारी उभं राहावं आणि चुकलेली पायरी तिला पुन्हा त्याच व्हिडिओत शोधायला लावावी.